लेख चोरीला गेला, तर दाद कुणाकडे मागायची?

आपला लेख दुसऱ्याच्याच साइटवर, दुसऱ्याच्याच नावाखाली, आपल्या चुकलेल्या ऱ्हस्वदीर्घासकट दिसला की पहिला मोह होतो तो तिथेच कमेंटमध्ये जाऊन खडसावण्याचा. तो आवरावा. सुगावा लागला की उचलेगिरी करणारा लेखाची तारीख मागची टाकतो, दोन परिच्छेद इकडचे तिकडे करतो किंवा पान काढून चार दिवसांनी नव्या पत्त्यावर टाकतो. तुमच्याकडे दाखवायला मग काहीच उरत नाही. म्हणून आधी पुरावा गोळा करायचा, मग ते पान कुणाच्या सर्व्हरवर आहे ते शोधायचं आणि तक्रार त्याच्याकडे करायची. चोराशी हुज्जत घालण्यात वेळ जातो. पान उतरवण्याची ताकद बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाकडे असते.

हक्क नेमका कशावर?

कॉपीराइटसाठी नोंदणी करावी लागते, पानाच्या तळाशी 'सर्व हक्क राखीव' लिहावं लागतं, असा समज अजून आहे. १८८६च्या बर्न करारानुसार लेखकाचा हक्क कुठल्याही सोपस्काराविना मिळतो. १८०हून अधिक देश या करारात आहेत. ब्लॉगवर लेख प्रसिद्ध झाला, की तो तुमचा. नोंदणीचा उपयोग पुढे कोर्टात होतो. उदाहरणार्थ अमेरिकेत नोंदणी चोरीच्या आधी झालेली नसेल, तर कायद्याने ठरवलेली ठोक भरपाई आणि वकिलाचा खर्च सहसा मागता येत नाही. पान उतरवून घेण्यासाठी मात्र नोंदणी लागत नाही.

हा हक्क तुमच्या मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. कॅमेऱ्याचं भिंग कसं पुसायचं हे तुम्ही पाच पायऱ्यांत लिहिलं आणि दुसऱ्याने त्याच पाच पायऱ्या स्वतःच्या शब्दांत लिहिल्या, तर चरफडण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. तुमची वाक्यं, तुमची उदाहरणं, तुम्ही काढलेले फोटो आणि आकृत्या जशाच्या तशा घेतल्या असतील तर ती चोरी. लेखाच्या मथळ्याला सहसा संरक्षण नसतं. कल्पनेला तर नसतंच.

भाषांतराबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. तुमचा मराठी लेख कुणी हिंदीत किंवा इंग्रजीत करून छापला तर 'एकही शब्द तुमचा नाही' हा बचाव टिकत नाही. भाषांतराची परवानगी देण्याचा हक्क बर्न कराराच्या आठव्या कलमाने मूळ लेखकालाच दिला आहे. दोन-चार वाक्यं उद्धृत करून, नाव आणि लिंक देऊन त्यावर चर्चा केली असेल, तर ती मात्र चालते. अख्खा लेख उचलून खाली 'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही.

तक्रारीआधी स्वतःचं घरही तपासावं. ब्लॉगवर कधीकाळी क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे काही अटींवर इतरांना मजकूर वापरायची आगाऊ मुभा देणारा, परवाना लावला होता का? ज्यात फक्त श्रेयाची अट आहे असा परवाना असेल, तर लेख पुन्हा छापणं वैध आहे, तक्रार फार तर श्रेय न दिल्याची होईल. शिवाय या परवान्याच्या ४.० आवृत्तीत, चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत सुधारली तर वापरणाऱ्याचा हक्क आपोआप परत मिळतो. एकदा दिलेला परवाना मागेही घेता येत नाही. तसंच लेख एखाद्या मासिकाला किंवा पोर्टलला दिला असेल, तर हक्क कुणाकडे राहिले हे तो करार किंवा ती ईमेल वाचून ठरवा.

चोरी सापडते कशी

साधी पद्धत अजून सगळ्यात कामाची आहे: लेखातलं एक वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधायचं. कुठलं वाक्य, यावर सगळं अवलंबून असतं. 'सकाळचा प्रकाश फोटोसाठी चांगला असतो' हे वाक्य हजार ठिकाणी मिळेल. 'ढगाळ दिवशी सावली रुसते, म्हणून भिंतीचा पोत पुढे येत नाही' हे तुमच्याशिवाय कुणी लिहिलेलं नसणार. असं आठ ते बारा शब्दांचं वाक्य तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदातून घ्या, कारण पहिला परिच्छेद चोर हमखास बदलतो.

देवनागरीत एक खोच आहे. पडद्यावर सारखं दिसणारं अक्षर आतून वेगळं असू शकतं. 'ॲ' हे एका कळीने येतं, तसंच 'अ' आणि वरचा चंद्र असे दोन तुकडे जोडूनही येतं. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' दोन-तीन पद्धतींनी टाइप होतो, कधी मध्ये न दिसणारं जोडचिन्ह असतं. शब्दशः जुळणी करणाऱ्या साधनांना हे शब्द वेगळे वाटतात आणि 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं. शोधासाठी निवडलेल्या वाक्यात अशी अक्षरं, इंग्रजी शब्द आणि आकडे शक्यतो नकोत.

हेच वाक्य अवतरणचिन्हांसकट गूगल अलर्ट्समध्ये टाकून ठेवलं, की नवी नक्कल गूगलच्या नजरेत आल्यावर ईमेल येतो. सगळ्या लेखांना अलर्ट लावत बसू नका; सर्वाधिक वाचले जाणारे दहा-बारा पुरेत. कॉपीस्केपसारख्या सेवेत लेखाचा पत्ता दिला की ती नकला शोधते. फोटोंसाठी गूगल लेन्स आणि टिनआय दोन्ही वापरा, एकाला जे सापडत नाही ते दुसऱ्याला सापडतं.

आपल्या लेखात आपल्याच जुन्या लेखांच्या पूर्ण पत्त्यासह लिंका देणं हाही एक सापळा आहे. आपोआप मजकूर उचलणाऱ्या साइट त्या लिंकांसकट उचलतात. चोराची साइट वर्डप्रेसवर असेल आणि पिंगबॅक (दुसऱ्या साइटने आपली लिंक दिल्याचं आपोआप कळवणारी सोय) चालू असतील, तर तुमच्या डॅशबोर्डवर सूचना येऊन पडते. चोराने फोटो स्वतःकडे उतरवून न घेता तुमच्याच सर्व्हरवरून दाखवले असतील, तर सर्व्हरच्या नोंदींत 'रेफरर' या रकान्यात त्याच्या साइटचं नाव दिसतं.

पुरावा

चोरीच्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घ्या. त्यात पत्ता आणि संगणकावरची तारीख दोन्ही दिसायला हवीत. पान ब्राउझरमधून सेव्ह करा. मग इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जाऊन 'सेव्ह पेज नाऊ'मध्ये चोरीच्या पानाचा पत्ता टाका. तुमच्या संगणकावरचा स्क्रीनशॉट खोटा आहे असं कुणीही म्हणू शकतं, तिऱ्हाइताकडे साठलेल्या प्रतीबद्दल तसं म्हणणं अवघड जातं.

स्वतःचा प्रत्येक नवा लेखही प्रसिद्ध झाल्या दिवशीच तिथे साठवण्याची सवय लावून घ्या. वाद होतो तो 'आधी कोण' यावर, आणि पानावर लिहिलेली तारीख कुणीही बदलू शकतो. वर्डप्रेसमधल्या जुन्या आवृत्त्या, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास, कॅमेऱ्यातली मूळ न कापलेली फोटो फाइल हे सगळं जपून ठेवा. चोराकडे सहसा लहान केलेला, काठ कापलेला फोटो असतो. तुमच्याकडची मोठी मूळ फाइल तिथे बरंच काही सांगते.

पान कुणाच्या ताब्यात आहे?

इथे तीन पक्षांची गल्लत होते. डोमेनचं नाव विकणारा असतो तो रजिस्ट्रार. पान ज्याच्या सर्व्हरवर असतं तो होस्ट, म्हणजे चोराचा घरमालक. आणि मधे पहारेकऱ्यासारखी उभी असते ती क्लाउडफ्लेअरसारखी सेवा. रजिस्ट्रारकडे केलेली तक्रार बहुधा वाया जाते, कारण मजकूर त्याच्याकडे नसतोच. गाठायचं होस्टला.

तो शोधायचा असा. संगणकावर 'एनएसलुकअप' ही आज्ञा देऊन साइटचा आयपी पत्ता, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा क्रमांक, काढा. मग तो आयपी कुणाच्या नावावर आहे ते पाहा. एपनिक, आरिन, राइप यांसारख्या प्रादेशिक नोंदणीसंस्थांच्या साइटवर हे फुकट पाहता येतं. तिथे कंपनीचं नाव आणि 'अब्यूज' असं लिहिलेला ईमेल पत्ता मिळतो. डोमेनच्या 'हू इज' नोंदीत मालकाचं नाव मिळेल या आशेवर राहू नका. २०१८मध्ये युरोपचा गोपनीयतेचा कायदा लागू झाल्यापासून ही नावं बहुतेक ठिकाणी झाकलेली असतात.

आयपी क्लाउडफ्लेअरचा निघाला तर खरा होस्ट मागे लपलेला आहे. त्यांच्या तक्रार फॉर्मवर कॉपीराइटचा पर्याय निवडून तक्रार करा. ते पान बहुधा स्वतः उतरवत नाहीत, कारण ते त्यांच्याकडे नसतं. पण तक्रार होस्टकडे धाडतात आणि होस्ट कोण आहे हे तुम्हाला कळवतात. तेवढंच हवं असतं.

आणखी एक ठरलेली चूक: साइट 'वर्डप्रेसवर' दिसली म्हणून वर्डप्रेसकडे तक्रार करणं. वर्डप्रेस हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, ते कुणीही कुठल्याही सर्व्हरवर बसवतो. पत्त्याच्या शेवटी 'वर्डप्रेस डॉट कॉम' असेल किंवा आयपी त्यांचाच निघाला, तरच ती तक्रार त्यांच्या कामाची. 'ब्लॉगस्पॉट' असेल तर गूगलच्या कायदेशीर तक्रारींच्या फॉर्मवर ब्लॉगर निवडायचं. तिथे तक्रार मान्य झाली की ती पोस्ट परत ड्राफ्टमध्ये जाते.

चोरी करणारा माणूस खराखुरा, नावानिशी लिहिणारा ब्लॉगर असेल, तर पुरावा हाती आल्यावर आधी एक साधा ईमेल पाठवायला हरकत नाही. बऱ्याच जणांना फॉरवर्ड झालेला मजकूर कुणाचाच नसतो असं मनापासून वाटतं. ईमेल छोटा ठेवा:

'नमस्कार. आपल्या साइटवरील (पत्ता) हा लेख माझ्या (पत्ता) या, अमुक तारखेला प्रसिद्ध झालेल्या लेखाची नक्कल आहे. मी त्याला परवानगी दिलेली नाही. कृपया सात दिवसांत तो काढून मला कळवावे. अन्यथा आपल्या होस्टिंग कंपनीकडे रीतसर नोटीस द्यावी लागेल.'

धमक्या, कोट्यवधींच्या दाव्याची भाषा आणि विशेषणं नकोत. साइटवर संपर्काचं पानच नसेल, रोज पन्नास विषयांवर लेख पडत असतील आणि चहूबाजूंनी जाहिराती असतील, तर ती यंत्राने चालवलेली साइट आहे. तिथे ईमेल लिहीत बसू नका.

नोटीस कशी असते

होस्ट कुठल्याही देशातला असो, बहुतेक मोठ्या कंपन्या अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या कॉपीराइटविषयक कायद्यातल्या नमुन्याने आलेली तक्रार स्वीकारतात. त्या कायद्याच्या ५१२व्या कलमात नोटिशीत काय हवं ते स्पष्ट दिलं आहे: तुमची सही (टाइप केलेलं पूर्ण नावही चालतं), मूळ लेख कोणता, चोरीचा मजकूर नेमका कुठे, तुमचा संपर्क, आणि दोन विधानं. पहिलं विधान असं, की हा वापर हक्कधारकाने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा कायद्याने मान्य केलेला नाही अशी तुमची प्रामाणिक समजूत आहे. दुसरं असं, की नोटिशीतली माहिती अचूक आहे आणि तुम्ही हक्कधारक किंवा त्याचे अधिकृत प्रतिनिधी आहात, हे खोट्या साक्षीच्या शिक्षेची जाणीव ठेवून सांगत आहात.

ही दोन विधानं शोभेची नाहीत. ती नसली तर नोटीस अपुरी ठरते आणि होस्टला कारवाई न करायला कारण मिळतं. आणि जाणूनबुजून खोटी नोटीस दिली तर त्याच कायद्याखाली भरपाईचा दावा तुमच्यावर होऊ शकतो. टीका करणाऱ्याचं तोंड बंद करायला हे हत्यार वापरू नये ते यासाठीही.

नोटीस परत येते ती बहुधा पत्त्यांमुळे. 'या साइटने माझे अनेक लेख चोरले' असं लिहून साइटच्या मुखपृष्ठाचा पत्ता दिला, तर समोरचा कर्मचारी काहीच करू शकत नाही. प्रत्येक चोरीच्या पानाचा स्वतंत्र पूर्ण पत्ता आणि त्याच्यासमोर तुमच्या मूळ पानाचा पत्ता, अशी जोडी हवी. वीस लेख असतील तर वीस जोड्या.

मराठी लेखांची अडचण वेगळी. तक्रार वाचणाऱ्याला देवनागरी येत नसते, त्यामुळे 'वाचून बघा, सारखंच आहे' याला अर्थ नाही. नोटीस इंग्रजीत लिहा, दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट शेजारीशेजारी ठेवा, सारख्या ओळींना एकाच रंगाची चौकट करा आणि 'चौदापैकी बारा परिच्छेद अक्षरशः सारखे' असं मोजून लिहा. दोन्हीकडे असलेली टंकलेखनाची चूक दाखवता आली तर फारच उत्तम. लिपी न कळणाऱ्यालाही ती आकारावरून जुळवून पाहता येते.

कायद्यात 'तत्परतेने' काढावं असं म्हटलं आहे, तासांचं बंधन नाही. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तक्रार क्रमांक देऊन पुन्हा लिहा. त्याच माणसाविरुद्ध आधी नोटिसा दिल्या असतील तर त्यांचा उल्लेख करा: पुन्हा पुन्हा चोरी करणाऱ्याचं खातं बंद करण्याचं धोरण होस्टला ठेवावंच लागतं, नाहीतर त्याचं स्वतःचं कायदेशीर कवच जातं.

नोटिशीतलं नाव आणि ईमेल चोरापर्यंत पोचू शकतात. गूगल तर आपल्याकडे आलेल्या अशा नोटिसांच्या प्रती ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाला देतं. घरचा पत्ता उघड होऊ नये असं वाटत असेल, तर पोस्ट बॉक्सचा किंवा वकिलाचा पत्ता द्या आणि तक्रारींसाठी वेगळा ईमेल उघडा.

होस्टने दाद दिली नाही तर

काही होस्ट अशा नोटिसा कचऱ्यात टाकण्यासाठीच प्रसिद्ध असतात. तेव्हा चोरीच्या पानापर्यंत येणारे रस्ते बंद करायचे. गूगलच्या कायदेशीर तक्रारींच्या फॉर्मवर 'वेब सर्च' निवडून ते पान शोधनिकालांतून काढायला सांगा. बिंगचा फॉर्म वेगळा असतो, तिथे पुन्हा तक्रार करावी लागते. पान जागेवरच राहील, पण तिथे येणारे बहुतेक वाचक शोधातून येत असतील तर ती साइट निरुपयोगी होते. पानावर गूगलच्या जाहिराती असतील तर ॲडसेन्सकडेही कॉपीराइटची तक्रार करता येते, आणि चोराला खरं तिथे लागतं.

'नकलेमुळे गूगल मलाच शिक्षा करेल' ही भीती मात्र अनाठायी आहे. सारख्या पानांपैकी एक मूळ म्हणून निवडायचं आणि बाकीची मागे टाकायची, असं ते चालतं. चूक होते ती निवडीत. सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात आपल्या पानाचा पत्ता तपासला की गूगलने कुठलं पान मूळ मानलं ते दिसतं. तिथे तुमचाच पत्ता असेल आणि वाक्य शोधल्यावर तुम्हीच वर येत असाल, तर त्या नकलेमागे संध्याकाळ घालवू नका. नक्कल तुमच्या वर दिसत असेल, तिच्यावर कुणी पैसे कमावत असेल किंवा तुमच्या नावाने त्यात भलतंच काही घुसडलं असेल, तर सोडू नका.

समाजमाध्यमांवर पोस्टच्या तीन टिंबांमागचा साधा 'रिपोर्ट' पुरत नाही. कॉपीराइटचा वेगळा फॉर्म शोधून भरावा लागतो. लेख वाचून दाखवणारा यूट्यूब व्हिडिओही चोरीच आहे. तिथे तक्रार करताना लगेच काढा असं सांगता येतं किंवा सात दिवसांची मुदत देता येते. मुदतीत त्याने स्वतः काढला तर त्याच्या चॅनेलवर ठपका बसत नाही, म्हणून समोरचा नवखा असेल तर मुदतीचा पर्याय बरा. व्हॉट्सॲपवर नाव कापून फिरणाऱ्या मजकुरामागे धावण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा नाव शेवटी टाकण्याऐवजी लेखाच्या मधल्या एखाद्या वाक्यात गुंफा. कापणारा बहुधा शेवटचीच ओळ कापतो.

दाराला कडी

आपोआप होणारी बरीचशी चोरी आरएसएस फीडमधून, म्हणजे नवे लेख वाचकांना आपोआप पुरवणाऱ्या फाइलमधून, होते. चोराचं यंत्र तुमच्या फीडवर नजर ठेवून असतं आणि लेख पडला की उचलतं. वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या रीडिंग पानावर फीडमध्ये पूर्ण मजकुराऐवजी सारांश निवडा. ब्लॉगरमध्येही 'साइट फीड'खाली असा पर्याय आहे. फीड वाचकातून वाचणाऱ्यांची थोडी गैरसोय होते, ती नको असेल तर पूर्ण फीड ठेवा आणि प्रत्येक लेखाखाली 'हा लेख मूळ अमुक ठिकाणी प्रसिद्ध झाला' अशी लिंकसह ओळ आपोआप जोडणारं प्लगिन बसवा.

प्रत्येक पानावर त्याचाच पूर्ण पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग असू द्या. अख्खं पान आंधळेपणाने उचलणारी साइट तो टॅगही उचलते आणि मूळ पान तुमचं असल्याचं शोधयंत्राला स्वतःच सांगते. फीडमधून उचललं तर हा टॅग जात नाही, हे लक्षात ठेवा. राइट क्लिक बंद करणं, मजकूर निवडू न देणं हे उपाय वाचकाला जाच आहेत आणि चोराला त्यांची झळ लागत नाही. ब्राउझरमधला पानाचा सोर्स त्याला एका कळीत दिसतो.

एआयसाठी मजकूर गोळा करत फिरणाऱ्या यंत्रांना, म्हणजे बॉटना, आपल्या साइटवरच्या रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये नावानिशी मज्जाव करता येतो, जसं जीपीटीबॉट, सीसीबॉट, गूगल-एक्स्टेंडेड. पण ती फाइल म्हणजे विनंती आहे, कुलूप नाही. मोठ्या कंपन्या ती पाळतो असं सांगतात, साइट ओरबाडणारी फुटकळ यंत्रं पाळत नाहीत. त्यांना अडवायचं तर सर्व्हरवरच अडवावं लागतं. तुमचा लेख एआयकडून शब्द फिरवून घेतला असेल तर सिद्ध करणं अवघड जातं. तेव्हा उपयोगी पडतं ते तुमचं असं काही, जे दुसरीकडे मिळणारच नाही: तुम्ही रचलेलं उदाहरण, तुम्ही मोजलेला आकडा, मुद्द्यांचा चमत्कारिक क्रम. तीन-चार अशा खुणा त्याच क्रमाने दिसल्या तर योगायोग म्हणणं कठीण होतं.

नोटीस तुमच्यावरच आली तर

असंही घडतं. चोर तुमचा लेख मागची तारीख टाकून छापतो आणि तुमच्याच विरुद्ध नोटीस देतो, मग तुमचं मूळ पान उतरतं. घाबरून लेख पुसू नका. होस्टकडे आलेली नोटीस मागून घ्या आणि प्रतिनोटीस द्या: उतरवलेल्या पानाचा पत्ता, ते चुकीने उतरवलं गेलं अशी तुमची प्रामाणिक समजूत असल्याचं विधान, नाव, पत्ता, फोन, सही. यात अमेरिकेतल्या कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करावं लागतं, त्यामुळे लेख खरोखर तुमचाच असेल तरच हे पाऊल टाका. तक्रारदाराने कोर्टात दावा दाखल केल्याचं कळवलं नाही, तर होस्टने १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत पान परत लावायचं असतं. प्रसिद्धीच्या दिवशी वेबॅक मशीनमध्ये साठवलेली प्रत या अर्जासोबत जोडा.